झाडावर राहिलेल्या नासपती

विला रेगिना,
१२ फेब्रुवारी

प्रिय रोसाल्बा,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र परवा पोहोचले. इकडे सर्व ठीक आहे. कालव्याला पाणी भरपूर आहे. वारा मात्र आठवडाभर थांबलेला नाही. बांधावरच्या पॉप्लरच्या झाडांपैकी एक शेजारच्या तेकाच्या खुराड्यावर आडवे झाले. कोंबड्या वाचल्या, आणि आता तेका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की त्या घाबरून दुप्पट अंडी देतात.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. मी दिलेल्या कलमकाडीपासून एल बोल्सोनच्या तुझ्या अंगणात वाढलेल्या झाडाला यंदा प्रथमच फळे धरली आहेत, ती केव्हा काढावीत, ही एक. आणि हे घर व मळा ब्रेसानला विकण्यास मी होकार देणार की नाही, ही दुसरी. पहिल्याचे उत्तर मला चांगले येते, म्हणून तेथून आरंभ करते.

सर्वांत आधी हे ध्यानात घे की नासपती झाडावर पिकवायची नसते. पीच, जर्दाळू, चेरी ही फळे फांदीवर गोड होतात. नासपतीची तऱ्हाच उलटी. ती आतून बाहेर पिकते. फांदीवर राहू दिली तर गाभा आधी मऊ होतो, मग तपकिरी, आणि साल मात्र शेवटपर्यंत देखणी राहते. म्हणून ती कठीण असतानाच काढायची. शेतकी शाळेत मी हे सांगत असे तेव्हा दर वर्षी कोणी ना कोणी विचारी, "बाई, कच्चं तोडून पिकवायचं, तर मग झाडाचं काम काय?" मला हा प्रश्न फार आवडे. झाड फळाला पिकण्याची तयारी देते. पिकणे फळाने स्वतः करायचे असते.

आता तयारी झाली हे कसे ओळखावे? फळ तळहातावर घे, अंगठा देठाच्या सांध्यावर ठेव आणि फळ हळूच वर उचलून आडवे कर. देठासकट आपोआप सुटले तर काढण्याजोगे झाले. ओढावे लागले तर सोडून दे आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहा. ओढाताण करू नकोस. सांध्याजवळच पुढच्या हंगामाचा डोळा असतो, तो मोडला तर पुढची फळे गेली. मनाची खात्री होत नसेल तर एक फळ बळी देऊन काप. बिया पांढऱ्या असतील तर घाई झाली. तपकिरी असतील तर वेळ आली. सालीचा गडद हिरवा रंगही थोडा निवळतो, पण रंगावर फार विसंबू नये. तुमच्याकडे डोंगराची थंडी, त्यामुळे तुझी फळे माझ्यापेक्षा पुष्कळ मागे असणार. या महिन्याच्या अखेरीपासून पाहू लाग. सगळी एकदम काढू नकोस. उन्हाच्या बाजूची मोठी आधी.

काढल्यावर ती काही दिवस फ्रीजमध्ये ठेव. हे ऐकून लोक हसतात, पण थंडी लागल्याशिवाय नासपती मनासारखी पिकत नाही. नंतर बाहेर, एकाच थरात, एकमेकींना न टेकवता मांड. घाई असेल तर कागदी पिशवीत एखाद्या सफरचंदाबरोबर ठेव. आणि रोज पोट दाबून पाहू नकोस! मानेपाशी, देठालगत, अंगठ्याने हलके दाब. तेथे किंचित दबले की त्याच दिवशी खा. पोट मऊ लागेपर्यंत थांबलीस तर उशीर झाला.

माझ्या झाडाची फळे कशी झाली, हे तू विचारले नाहीस.

या खोऱ्यात सारे जण बोटीसाठी फळ काढतात. बंदरापर्यंत टिकावे इतके कठीण, आणि पॅकिंगच्या शेडने सांगितलेल्या दिवशी. मळ्यातली फळे मीही तशीच दिली, वेळेवर. स्वयंपाकघरामागचे बाबांचे झाड तेवढे आपल्या ताटासाठी. ते आपण दोघींनीच उतरवायचे हे आईने घालून दिलेले. तू शिडीवर, मी खाली गळ्यात पिशवी अडकवून. नाताळात तू फोनवर म्हणालीस, "क्लेलिया, जानेवारीच्या शेवटी येते, मला ठेव हं." मी ठेवली. जानेवारीच्या शेवटी म्हणालीस, नवऱ्याची, उबाल्दोची पाठ धरली आहे, आता फेब्रुवारीत. तोवर फळ हातात घेतले की आपोआप सुटू लागले होते. मी हात काढून घेई आणि घरात परत येई.

तेका कुंपणावरून पाहत होती. "काय गं बाई, आख्ख्या खोऱ्याला शिकवलंस, आणि घरची झाडावर नासवतेस?"

"रोसाल्बा यायचीय."

"ती येईल तेव्हा येईल. नासपतीला सांगितलंयस का थांबायला?"

मागच्या रविवारी अखेर मीच शिडीवर चढले. (रागावू नकोस, तेकाने शिडी धरली होती आणि सबंध वेळ शिव्या देत होती.) फळे इतकी सुरेख पिवळी होती की तेकाही शिव्या विसरली. पहिले कापले. आत तपकिरी. दुसरे तसेच, आणि टोपलीतली सगळी तशीच. ज्या चुकीसाठी मी मुलांचे गुण कापले, ती मी उघड्या डोळ्यांनी केली.

मग तुझे पत्र आले. सांगायचे तर आधी मला आनंदच झाला, तू विचारलेस म्हणून. उत्तराची जुळवाजुळव मनात करू लागले आणि मध्येच लक्षात आले, की जिच्या अंगणात स्वतःची नासपती आहे तिला येथे येण्याचे कारण उरले नाही. आईच्या दफनानंतर याच ओट्यावर मातेचा कडू चहा पिताना तू म्हणाली होतीस, "रुग्णालयातून निवृत्त झाले की इथंच येते, दोघी म्हाताऱ्या भांडत बसू." तू निवृत्त झालीस त्याला वर्ष होत आले. मी कधी विचारले नाही. विचारले असते तर तू नाही म्हणाली असतीस, आणि वाट पाहण्याचीही सोय गेली असती. तुझी वरची खोली मी दर महिन्याला झाडते. आता थांबवीन.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. काल मी ब्रेसानकडे जाऊन होकार देऊन आले. भला माणूस आहे. त्याला उगीच ओशाळल्यासारखे झाले.

"सेन्योरा, झाडांचं वाईट वाटतं. पण घरं बांधायची म्हणजे..."

"झाडं तुमची. फक्त थंडी पडेपर्यंत थांबा, पानं गळू द्या."

"आणि तुम्ही कुठं राहणार?"

"गावात. चौकाजवळ, पहिल्या मजल्यावर. बाल्कनी आहे."

त्याने बाल्कनीचे फार कौतुक केले.

तू लिहितेस की मुखत्यारपत्र पाठवशील, म्हणजे तुझ्या वतीने मीच सही करावी आणि तुला प्रवासाची दगदग नको. ते पाठवू नकोस. मी ते घेणार नाही, हे ब्रेसानलाही सांगितले आहे. माझी एवढी एकच अट आहे. नोटरीसमोर दोघींनी शेजारी बसून सही करायची. माझ्या होकारामागे हेही एक कारण आहे. हवे तर यालाच मुख्य कारण समज. इतकी वर्षे घर राखून तू आली नाहीस, म्हणून विकून पाहते आहे.

रात्रीच्या बसने निघालीस तर सकाळी पोहोचशील. स्थानकावर मी असेन. उबाल्दोच्या पाठीला बरे वाटू दे, पण तारीख आजच ठरव आणि या वेळी बदलू नकोस.

तुझी,
अजून याच पत्त्यावर असलेली
क्लेलिया