तुटक्या गोळ्यांचा डबा

बुधवार, १४ तारीख
सकाळचे सहा

चि. धाकटीस ताईचे आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असाल अशी आशा आहे. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण दिवसभर ढवळायच्या यंत्रापाशी उभं राहिल्यावर तो काय गाणं म्हणणार? तू रविवारपासून फोन उचलत नाहीस. भावोजीही नाहीत. रुसली असशील, असं मनाला समजावते. पण तू रुसलीस की फोन उचलून भांडतेस.

चिमणीनं मागे विचारलं होतं ना, "मावशी, गिळायचं नाही तर च्युइंगममध्ये असतं तरी काय?" तिला सांगायचं राहूनच गेलं. आत रबरासारखा चिवट गाभा, मेण, साखर, पुदिन्याचा अर्क. मऊ राहावं म्हणून ग्लिसरीन, तेही आमच्याकडे पामतेलाचं. आणि वरचं कडक पांढरं कवच बसावं म्हणून साखरेच्या पाकात झाडाचा डिंक. प्राण्याचं काही नाही. वेष्टनावर तसं छापलंय, म्हणून तर तुझ्या लेकीला चालणारी ही एकच गोळी. जेलीच्या एका घासानं तिचे ओठ सुजले होते, श्वास अडकला होता. दवाखान्याच्या बाकावर तू माझा हात किती घट्ट धरला होतास!

बघ, अजून टाळतेच आहे मी.

गेल्या आठवड्यात सोमवारी डिंकाची पोती आलीच नाहीत. त्यांच्या जागी जिलेटिन आलं. गुरांच्या हाडाकातड्यापासून करतात ते, चिमणीच्या त्या जेलीत होतं तेच. गरम पाण्यात पडल्याबरोबर वासावरून कळलं मला. सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला, "छापलेली वेष्टनं संपेपर्यंत असंच चालायचं. तुझं काम ढवळायचं." तक्त्यावर 'डिंक' लिहून सही करायची होती. मी केली. सवयीनं हात चालला, असं स्वतःला सांगत होते. खोटं आहे गं. मी घाबरले होते.

आठवड्याअखेर तुटक्या गोळ्या आम्ही वाटून घेतो. वाटणी करणाऱ्या जोडीदारणीला मी बजावलं होतं, "जुन्या मालातल्याच दे." तिनं मान डोलावली आणि डबा भरून दिला. तोच डबा मी शनिवारी कारखान्याच्या मालट्रकच्या ड्रायव्हरबरोबर तुझ्याकडे पाठवला. काल जेवताना ती सहज म्हणाली, "जुन्या कुठल्या? त्या केव्हाच संपल्या. तुला नाही म्हणवेना, म्हणून दिल्या, होत्या त्यातल्याच." माझा घास हातातच राहिला. जिलेटिनचं तिला सांगितलं असतं तर! पण सांगायचं म्हणजे सहीचंही सांगावं लागलं असतं.

ड्रायव्हरला विचारलं. म्हणाला, रविवारी चिमणीनं दारातच डबा हातातून ओढून घेतला आणि तिथेच उघडला.

तोच आता निघतोय. त्याच्या गाडीत मला बसू देत नाहीत. मी नऊच्या बसनं येते, पण तो आधी पोचेल. दाराला कुलूप असलं तर शेजारी विचारून तुम्ही असाल तिथं हे पत्र दे, असं त्याला हात जोडून सांगितलंय.

दवाखान्यात असाल, तर हे आधी डॉक्टरांच्या हातात दे. त्यांना सांग, जिलेटिन. घरातलं वेष्टन दाखवलं असशील, तर या डब्यासाठी ते खोटं आहे म्हणून सांग. माझ्या सहीनं खोटं आहे. कुणापुढेही लिहून देईन, कारखान्यातून हाकललं तरी देईन.

आणि मी आले की मला दारातच उभी ठेवू नकोस गं. आधी तिला बघू दे, मग काय बोलायचं ते बोल.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
ताई