पेटीमास्तरांचे आजचे गुण

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा तीनदा मान वळवली त्या बयेनं! मी पाहिलं नाही. मी कधीच पाहत नाही, साडेसातला माझे हात बांगड्याच्या पोटात असतात. पण ऐकलं ना! ढँण्! ढँण्! ढँण्! तीन ढँण् म्हणजे तीनदा मान, आणि मान म्हणजे थोरली जाऊ. मागून शंख आला की समजायचं, सासू जिन्यावर उभी. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून मालिका ऐकतेय, एकीचं तोंड ओळखत नाही. पण दुधात विष कोण कालवणार ते कढीला उकळी यायच्या आत सांगते.

डाव हातात घेऊन दारात गेले आणि बाबांना ओरडून सांगितलं, "जावेला ढोल, सुनेला बासरी, नवऱ्याला काहीच नाही! त्याला निदान एक घंटी तरी बांधा हो!" बाबा खुर्चीत खो खो हसले. "होय गो. हांवूय तेंच म्हणतां." म्हणजे तेही तेच म्हणतात.

बाबा म्हणजे माझे सासरे, बाबाजी पेटीमास्तर. आमच्या सर्वण गावात जत्रेचं नाटक म्हटलं की पेटीवर बाबाच. आता हात कापतात म्हणून पेटी बंद.

जेवणं झाल्यावर गावच्या ग्रुपवर टाकलं: पेटीमास्तरांचे आजचे गुण, दहापैकी दोन. शंखाला एक, बासरीला एक, ढोलाला भोपळा. टाकते मी, नाव बाबांचं. माझ्या नावानं टाकलं तर म्हणतील, हिनं आधी माशाचं हुमण नीट करावं. मास्तरांच्या नावानं टाकलं की अंगठेच अंगठे! बाबांकडे फोन साधा, बटणांचा. त्यांना काय कळतंय!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गुण: शून्य. मेलेला नवरा परत आला आणि वाजवलं काय — सनई! अरे, श्राद्ध घालून बसलीत ती माणसं!

१६ नोव्हेंबर, रविवार

सिद्धीनं — माझ्या लेकीनं — आम्हाला म्हापशाला सिनेमाला नेलं. काय तो गोंगाट! हिरो चहा प्यायला — नगारे. हिरोनं कप खाली ठेवला — नगारे. बिचाऱ्याची आई मरते तिथे तर इतकं बडवलं की ती उठून बसेल असं वाटलं. आमच्या पिढीला रडायला वेळ लागतो हो, जरा गप्प बसा, आम्ही रडतो आमचं आम्ही.

आणि बाबा? बाबा झोपले! त्या नगाऱ्यांत! सिद्धी म्हणाली, "आजोबांचं मन कितलें शांत गो आई!" मी मान हलवली. पण कुठेतरी खटकलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज पाप केलं.

रिमोट गाऊनच्या खिशात घातला आणि जावेची मान वळायच्या ऐन वेळी दारातून आवाज बंद केला. टीव्हीवर नुसती तोंडं हलतायत. म्हटलं, आता बाबा ओरडतील, रिमोट शोधतील, उशीखाली बघतील, मजा येईल. बाबा मांडीवर बोटांनी ठेका धरून मजेत बघतायत! मी समोर जाऊन विचारलं, "आज कसं काय संगीत?"

"व्हायोलिन थोडें पातळ," म्हणाले. "पण बरें."

आत पळाले, तोंडात ओढणी कोंबून हसले. हसता हसता दूध उतू गेलं. ओटा पुसताना हसू थांबलं.

परवा सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येऊन पों पों करून परत गेला. बाबा तिथेच खिडकीशी बसले होते. मला वाटलं, रुसलेत पावावर. एरवी त्याच्या हॉर्नाचा सूर उतरला तरी त्याला सुनावणारा हा माणूस!

माझं बोलणं ऐकू येतं त्यांना. माझं बोलणं पलीकडच्या लाटंबार्से गावापर्यंत ऐकू येतं, त्यात काय! बाकीचं नाही. टीव्हीचा आवाज वाढवत नाहीत, कारण वाढवला तर कळेल. मी दारात येऊन डाव हलवत सांगते, तेवढंच त्यांचं संगीत. मी न बघता ऐकते, ते न ऐकता बघतात. दोघांत मिळून एक मालिका!

महेशला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं की अख्ख्या कंपनीच्या बसला कळतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

देवा रे!

डिचोलीच्या नाट्यमंडळाचा शिवदास आला. येत्या ७ तारखेला एकांकिका स्पर्धा. "मास्तर, ग्रुपवर तुमचे गुण वाचतो. काय कान आहे हो तुमचा! पार्श्वसंगीताचे परीक्षक तुम्हीच."

बाबांनी एकदा शिवदासकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. परीक्षक तेवढं ओठांवरून कळलं असावं, ग्रुपचं ऐकू आलं नसावं, नशीब माझं! मग ताठ बसले आणि म्हणाले, "येतां."

शिवदास गेल्यावर कपाटातला काळा कोट काढायला लावला. उन्हात घातलाय. बटणं स्वतः पुसली. किती दिवसांनी असा चेहरा पाहिला त्यांचा!

आणि हे सगळं माझ्यामुळे. मी गंमत केली, ती म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली. चार लोकांत कळलं की पेटीमास्तर बहिरे झाले, तर बाबा संपले. हात कापायला लागले तेव्हा वर्षभर भजनाला गेले नव्हते. आता तर उंबऱ्याबाहेर यायचे नाहीत. भीती वाटते मला, खरंच वाटते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सांगून टाकलं. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. कानाचं यंत्र मिळतं, घेऊया."

"म्हाका आयकूंक येना? तुका बोलूंक येना!"

जेवले नाहीत. महेशनं विचारलं, "कशावरून वाजलं तुमचं?" म्हटलं, शंखावरून.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज बाबा स्वतः स्वयंपाकघरात आले. नारळ खवत होते मी. पाटावर बसले आणि इकडेतिकडे बघून माझ्यासमोर मनगट धरलं.

म्हणाले, जत्रेत फटाके सुटायचे, दुकानदार ओरडायचे, पोरं रडायची. पेटीवाल्याला स्वतःची पेटी ऐकू यायची नाही! मग तबलजी पेटीवाल्याच्या मांडीवर ठेका मारायचा. त्यावर अख्खं नाटक निभवायचं. "कान न्हय गो, कातीन आयकतात."

म्हणजे कातडीनं ऐकायचं. मी खोबऱ्याच्या हातानंच मनगटावर बासरी वाजवून दाखवली — एकाच बोटानं, हळू. डोळे मिटून म्हणाले, "बासरी." मग चार बोटांनी बडवलं. "ढोल. आनी नखां काप!"

यंत्राचं नाव काढायचं नाही, अशी अट. मान्य केली. काय करणार!

३० नोव्हेंबर, रविवार

तालीम जोरात. व्हायोलिनला दोन बोटं ओढायची. शंखाला मूठ. मालिकेतून चोरलेला सूर असेल तर चिमटा! आज साडेसातच्या मालिकेत त्यांच्या हाताला इतके चिमटे बसले की तेल लावावं लागलं.

मजा येतेय. नको यायला, पण येतेय.

७ डिसेंबर, रविवार

घडलं ते सरळ लिहिते.

दुपारी सभागृहात पोचलो. परीक्षकांच्या टेबलाशी बाबा, शेजारी मी. म्हाताऱ्याला आधार म्हणून हात धरलाय, असं सगळ्यांना वाटावं. वाटलंही. शिवदासची बायको पुढच्या रांगेतून म्हणाली, "काय सेवा करते सून!" मी पापण्या खाली केल्या. पापीण मेली!

पहिल्या तीन एकांकिका छान गेल्या. इब्रामपूरच्या मुलांनी नुसती झांज आणि एक मातीचं घुमट वाजवलं, अंगावर काटा आला. मी बोटं फिरवत होते, बाबा गुण मांडत होते. त्यांचा चेहरा बघायला हवा होता! ओठांतल्या ओठांत ताल धरलेला. मला वाटलं, जमलं. आपण जिंकलो.

चौथी गौरेशची. गौरेश महेशचा चुलतभाऊ. प्रत्येक लग्नात, बारशात लॅपटॉप उघडून दाखवतो, त्यात म्हणे हजारो आवाज आहेत. शेवटचा प्रसंग: आई मुलाचं दप्तर उचलते. बस्स, एवढंच. आणि गौरेशनं सोडलं सगळं एकदम! ढोल, व्हायोलिन, शंख, वीज कडाडली, कुत्रंसुद्धा भुंकलं! स्पीकर माझ्या डोक्यापाशी. मी काय केलं असेल?

दोन्ही हात कानांवर ठेवले.

दोन्ही हात! बाबांचं मनगट टेबलावर एकटं पडलं. त्यांना काय वाटलं असेल ते तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. पडदा पडला, मी परत हात धरला, बाबांच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, ती आई बरी रडली म्हणून असेल.

मग बाबा बोलायला उभे राहिले. इब्रामपूरच्या घुमटाचं कौतुक केलं. आणि म्हणाले, "पण आज मी एक मोठी गोष्ट पाहिली. आई दप्तर उचलते आणि संगीतकार हात आखडता घेतो. एक सूर नाही! सगळं शांत! ह्याला धैर्य लागतं. आमच्या काळात माझ्यात नव्हतं."

मग हशा! टाळ्या, शिट्ट्या. मास्तरांनी काय टोमणा मारला म्हणून लोक लोळतायत. गौरेश लालबुंद. बाबांना वाटलं, कौतुकाच्या टाळ्या पडताहेत. हसून हात जोडले.

आणि पहिलं बक्षीस जाहीर केलं. गौरेशला.

आता हसू बंद. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "म्हाताऱ्याक आयकूंक येना रे!"

बाबांना तेही ऐकू आलं नाही. मी देवाचे आभार मानले, आणि मानताना रडू आलं.

घरी येताना गाडीत बाबांनी विचारलं, "तो फाटलो कितें म्हणालो?" मागे उभा असलेला, म्हणजे. त्यांनी त्याचं तोंड हललेलं पाहिलं होतं. मी म्हटलं, "म्हणाला, मास्तर अजून तसेच आहेत." बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ऐकण्यापेक्षा बघण्यात तरबेज झालाय हा माणूस. मग खिडकीबाहेर पाहत बसले, घर येईपर्यंत.

८ डिसेंबर, सोमवार

बाबा खोलीबाहेर आले नाहीत. कोट खुंटीला.

साडेसातला टीव्ही लावलाच नाही कोणी. ग्रुपवर लोक विचारतायत, आजचे गुण कुठे? फोन पिठाच्या डब्यात ठेवला.

१० डिसेंबर, बुधवार

गौरेश आला. मला वाटलं, बक्षीस तोंडावर फेकायला. काठी शोधत होते मी! तो सरळ बाबांच्या खोलीत गेला, पायाशी बसला आणि मोठ्यानं म्हणाला — त्याचाही आवाज आमच्या घराण्याचाच — "काका, रागानं घरी गेलो आणि शेवटच्या प्रसंगाचा व्हिडिओ आवाज बंद करून बघितला. म्हाका रडूं आलें."

शनिवारी पेडण्याला प्रयोग आहे. तिथे दप्तराला सूर नाही, असं ठरवलंय म्हणे.

बाबांनी पेज मागून घेतली. वर लोणचं.

१३ डिसेंबर, शनिवार

गौरेशचा पेडण्याहून फोन. दप्तर उचललं तेव्हा सभागृहात खोकलासुद्धा नाही! मी बाबांना ओरडून सांगितलं. बाबांनी विचारलं, त्या दिवशी तुझे हात कुठे होते? म्हटलं, कानांवर. इतके हसले, इतके हसले की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "म्हापशाक केन्ना वचपाचें तें यंत्र हाडूंक?"

यंत्राचं नाव काढायचं नाही म्हणणारे बाबाच मला विचारत होते कधी जायचं! मी परत रडले. वय झालं बहुतेक माझंही.

१६ डिसेंबर, मंगळवार

यंत्र आणलं. शेंगदाण्याएवढं! पोदेराचा हॉर्न ऐकून बाबा दारात धावले आणि त्याला सांगितलं, "सूर उतरला रे तुझा." पोदेर घाबरून दोन पाव जास्त देऊन गेला.

१७ डिसेंबर, बुधवार

साडेसातला यंत्र लावून बसले. अख्खी मालिका ऐकली, शंखासकट. मी दारात गेलेच नाही. आता माझी काय गरज! बांगडे तळत राहिले. जरा ओकंबोकं वाटलं, खोटं कशाला सांगू.

जाहिराती लागल्यावर बाबा आत आले. यंत्र कानातून काढून तपकिरीच्या डबीत ठेवलं.

"हें कितें गो? तुजें बरें आशिल्लें." माझंच बरं होतं म्हणे!

मग पाटावर बसले आणि मनगट पुढे केलं. "आनी ग्रुपार गुण तुज्या नांवान घाल. माजें नांव आतां पुरो."