डावा ओटा

भाईंदर (पश्चिम),
११ ऑक्टोबर २००७

चि. रसिका,

अनेक उत्तम आशीर्वाद. पुण्यात त्यांची गरज पडते की नाही ठाऊक नाही. तिथली माणसं स्वयंपूर्ण असतात असं ऐकून आहे. इकडे सर्व ठीक. सकाळी जयकुमारांची फेरी, मग पेपर, मग एखाद्या बातमीवर माझं मत विचारायचं आणि लगेच त्याच्या उलट मत द्यायचं, हा आमचा नित्यक्रम चालू आहे. संसार म्हणतात तो हाच असावा.

अक्षर पाहून दचकू नकोस. पेन नवीन आहे, हवा दमट आहे आणि टेबल डुगडुगतंय. यातलं जे कारण पटेल ते घे.

तर, पुरवणीतली तुझी मुलाखत वाचली. खरं म्हणजे ऐकली. जयकुमारांनी ती आकाशवाणीच्या बातम्यांसारखी वाचून दाखवली. इंटिरिअर डिझायनरांना त्यांचं शहर विचारणाऱ्या सदरात ‘मीरा-भाईंदरमध्ये दहा वर्षं घरं सजवून पुण्याला गेलेली रसिका’ म्हणून तू झळकलीस. फोटो छान आलाय. केस कापलेस ते आम्हाला पेपरातून कळावं, हेही ठीकच.

तुझं आवडतं ठिकाण, मिठागरं! ‘संध्याकाळच्या उन्हात पांढऱ्या रंगाला किती छटा असतात ते मी तिथे शिकले.’ अगं, आपण मिठागरांवरून रिक्षाने जायचो तेव्हा तू सबंध वेळ नाकाला ओढणी लावून डोळे मिटून बसायचीस. पण वाक्य चांगलं आहे, राहू दे. आवडतं दुकान म्हणून हेमालीबेनचं लॅमिनेटचं दुकान सांगितलंस, ते मात्र उत्तम केलंस. तिने कात्रणाला फ्रेम करून गल्ल्यामागे लावलीय आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, “ये छोकरी मेरे काउंटर पे बैठ के सीखी है.” दहा वर्षं शिकवलं मी, आणि विद्यापीठ ठरलं ते काउंटर. असो.

आणि मग शेवटचा प्रश्न. ‘तुमची सर्वांत मोठी चूक?’ तुझं उत्तर: ‘माझ्या गुरूंच्या घरातलं स्वयंपाकघर. आठवलं की अजून लाज वाटते. येत्या दिवाळीत ते तोडून नवीन बांधून देणार आहे. तीच माझी गुरुदक्षिणा.’

जयकुमार वाचता वाचता थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “आता?”

“आता काय? पुढे वाचा.”

“पुढे काही नाही. पुढे साडीच्या सेलची जाहिरात आहे.”

मला वाटलं, मुलाखतीत माणूस बोलतो तसं बोललीस. पण काल आपल्या बबन सुताराचा फोन आला. आवाज असा, की जणू त्याच्याच घरावर हातोडा पडणार आहे. “मॅडम, रसिकामॅडमचा फोन आलता. दिवाळीच्या आधी ओटा फोडायचा म्हनतायत. पाडवा नवीन ओट्यावर झाला पाहिजे म्हनतात. मी त्यांना काय सांगू?”

म्हणजे तू खरंच निघाली आहेस. म्हणून हे पत्र. विनंती एकच आहे, आणि ती मी गुरू या नात्याने हुकूम म्हणूनही करू शकते: त्या ओट्याला हात लावायचा नाही.

कारणं देते. त्याआधी, तुझ्या स्मरणासाठी आणि माझ्या करमणुकीसाठी, झालं काय होतं ते पुन्हा एकदा. पाच वर्षांपूर्वी हे घर नवं करायला काढलं आणि नेमकं मला नाशिकच्या हॉटेलच्या कामाला जावं लागलं. स्वयंपाकघर तुझ्यावर सोपवलं. पद्धत आपली नेहमीचीच: कागदावर रेघ मारण्याआधी रिकाम्या खोलीत उभं राहून खोटा स्वयंपाक करायचा, आणि हात जिथे जिथे जाईल तिथे सुताराने भिंतीवर खडूने खूण करायची. त्या दिवशी तू म्हणे भरली वांगी केलीस, हवेत. मसाला भाजलास, वाटलास, वांगी चिरलीस, फोडणी दिलीस. बबन खडू घेऊन तुझ्या हाताच्या मागे मागे. सगळं शास्त्रशुद्ध. फक्त तो हात डावा होता.

मी परत आले आणि पहिल्याच दिवशी मिठासाठी उजवा हात पुढे केला, तो भिंतीवर आपटला. मसाल्यांची फळी डावीकडे, ट्रॉल्या डावीकडे, लायटरचा खिळा डावीकडे, कपाटाचं प्रत्येक दार डाव्या हातासाठी उघडणारं. बबनला विचारलं तर म्हणाला, “मला वाटलं आता हीच फॅशन आलीय.” तू रडलीस, मी हसले, आणि तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी ते स्वयंपाकघर ‘रसिकाची कलाकृती’ म्हणून दाखवत आले. ते तुला एवढं लागलं असेल असं वाटलं नव्हतं.

आता कारणं. एक, तो हिरवट ग्रॅनाइट हल्ली मिळत नाही. दोन, ऐन दिवाळीत घरात धूळ नको. तीन, आणि हे महत्त्वाचं, त्या स्वयंपाकघरात पाहुण्यांना काही म्हणजे काही सापडत नाही, त्यामुळे माझी नणंद ‘मी करू का काही मदत’ म्हणत आत येत नाही. एवढं सुख दुसरा कुठला डिझायनर देईल?

पुरेशी वाटत नसतील तर आणखी देते, पण उद्या. हात भरून आला.


शुक्रवार, दुपार

आज घट बसले. समोरच्या मैदानात गरब्याचा मांडव पडलाय आणि सकाळपासून एक माणूस माइकवर फक्त “हॅलो, चेक, चेक” म्हणतोय. त्याला दुसरं काही सांगायचंच नसावं. माझीही अवस्था काल तशीच झाली होती, हे पत्र पुन्हा वाचताना कळलं.

तुझ्या मुलाखतीचा आणखी एक परिणाम. ती बातमीदार मुलगी, संपदा, हिने ‘गुरू’ कोण ते शोधून काढलं. रविवारी फोटोग्राफर घेऊन घरी येणार आहे. प्रश्न मात्र आजच फोनवर विचारून घेतले.

“मॅडम, शहरातली तुमची फेव्हरेट जागा?”

“जेट्टीवरचा कठडा.”

“ओह, खाडीच्या व्ह्यूसाठी!”

“उंचीसाठी. त्यावर बसता येतं, आणि उठताही येतं.”

“...ओके. आणि आवडतं इंटिरिअर? एखादं रेस्टॉरंट, शोरूम?”

“राई गावात इंदुबाईंचं घर आहे. त्याच्या ओटीला खांब आहे. खांबाला धरून पायरी चढता येते.”

“दुकान?”

“हेमालीबेनचं. दार खांद्याने ढकललं तरी उघडतं.”

मग ती म्हणाली, “मॅडम, रागावू नका हां, पण तुमच्या सगळ्या आवडी बसण्या-उठण्याच्या आहेत. कलर, टेक्स्चर, लाइट असं काहीच नाही?”

पोरगी हुशार आहे. तुझ्याही लक्षात आलं असेल. तेव्हा आता ग्रॅनाइट आणि नणंद बाजूला ठेवते.

जूनमध्ये मीरा रोडच्या एका साइटवर माप घेताना टेप हातातून सुटली. उचलायला वाकले, तर हात ऐकेना. मग पायही ऐकेना. पक्षाघात. शब्द बघ किती देखणा आहे, पंखावर झालेला घाव. संस्कृतात आजारसुद्धा नटून येतात. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आलाय, कुरकुरत का होईना. हात आलेला नाही. डॉक्टर म्हणतात थोडा येईल. चित्र काढण्याइतका येईल असं ते म्हणत नाहीत आणि मी विचारत नाही. जीभ मात्र पूर्ण शाबूत राहिली. जयकुमारांच्या मते तिथे डॉक्टरांचं लक्ष कमी पडलं.

जूननंतर तू फोन केलास की “ती साइटवर आहे” असं उत्तर मिळायचं, ते या कारणाने. बबनला शपथ घातली होती, हेमालीबेनलाही. ती तर म्हणाली, “मैं झूठ नहीं बोलेगी, लेकिन फोन ही नहीं उठाएगी.” तुला नुकतं ते मोठं ऑफिसचं काम मिळालं होतं. कळलं असतं तर तू बॅग भरून आली असतीस, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच कळवलं नाही. आता रागाव, पण पुढचं वाचून मग रागाव.

घरी आले तेव्हा कळलं, अख्खं जग उजव्या हाताने बांधलेलं आहे. आणि आपल्या धंद्यातल्या लोकांनीच ते बांधलंय. न्हाणीघराची कडी, कपाटाची किल्ली, बरणीचं झाकण, ब्लाउजचं बटण. माझ्याच घरात, मीच काढलेल्या नकाशात, मी प्रत्येक दारापाशी मागतकऱ्यासारखी उभी. दोन महिने स्वयंपाक जयकुमारांनी केला. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे आणि जिवंत आहे. दोन्ही गोष्टींचं त्यांना सारखंच आश्चर्य वाटतं.

ऑगस्टमधली गोष्ट. आत भांडी वाजत होती आणि आमटी करपल्याचा वास येत होता, म्हणून केवळ ओरडण्यासाठी मी भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले. हे जिरं शोधत होते. “पाच वर्षं झाली, या बाईने जिरं कुठे ठेवलंय देव जाणे,” असं ते तुझ्याबद्दल पुटपुटत होते. मी न बघता हात पुढे केला. होता तोच हात. जिऱ्याचा डबा बोटांखाली आला.

मग लायटर आला. मग नळ. मग ट्रॉली ओढली, ती लोण्यासारखी बाहेर आली. कपाटाचं दार उघडलं, ते माझ्या अंगावर न येता बाजूला झालं. रसिका, त्या खोलीत मला कोणी उजवा हात मागितला नाही. सगळ्या घरात ती एकच खोली होती जिला माझ्यात काही कमी आहे हे ठाऊकच नव्हतं.

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मोठ्याने तुझं नाव घेतलं. जयकुमारांना वाटलं भ्रम झाला. मी म्हटलं, “बाजूला व्हा, चहा टाकते.” ते बाजूला झाले खरे, पण दारातून हलले नाहीत. चहात साखर फार पडली होती. दोघांनीही तक्रार केली नाही.

तेव्हापासून रोज मी तिथे आहे. आधी चहा, मग खिचडी, आता तर चिरण्याची सुरीही ऐकते. पायात बळ आलं ते त्या ओट्याशी उभं राहून, हे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनीही मान्य केलंय. अशा ओट्यावर तू हातोडा घेऊन निघाली होतीस.


रविवार, संध्याकाळ

संपदा येऊन गेली. फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, ड्रॉइंग बोर्डपाशी बसा ना.” मी म्हटलं, “तो चादर पांघरून झोपलाय, त्याला उठवू नका. स्वयंपाकघरात चला.”

आत आल्यावर संपदाने सवयीप्रमाणे पाण्याच्या भांड्यासाठी उजवा हात पुढे केला आणि तो भिंतीवर आपटला. मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग डिझाइनबद्दल तुमचं मत काय लिहू?”

आजवर या प्रश्नाला मी प्रमाण, प्रकाश, मोकळी जागा अशी भारदस्त उत्तरं देत आले. आज मला फक्त शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या आमच्या शास्त्रीबुवांचा देहलीदीपन्याय आठवला. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आत उजेड देतो आणि बाहेरही देतो. ठेवणाऱ्याच्या मनात एकच बाजू असली तरी. ते मी तिला सांगितलं. तिने “उंबरा म्हणजे थ्रेशोल्ड ना?” विचारून लिहून घेतलं. काय छापून येईल याची मला काळजीच आहे.

निघताना तिने विचारलं, “आणि रसिकामॅडमची ती गुरुदक्षिणा?”

“छापा, की पोचली. पाच वर्षांपूर्वीच. पावती द्यायला गुरूंना उशीर झाला.”

आता तुझं दिवाळीचं येणं. ते रद्द करायचं नाही, फक्त काम बदललंय. राईच्या इंदुबाईंना जुनं घर न पाडता आत नवं स्वयंपाकघर हवंय. जूनपासून मी सगळ्यांना नाही म्हणतेय, तसं काल राईला जाऊन त्यांनाही म्हटलं. हात गेलाय हेही सांगितलं. त्या माझ्याकडे नखशिखान्त बघून म्हणाल्या, “तोंड हाय ना तुजा? त झाला. हात कुनाचा बी चालंल.”

मी रात्रभर विचार करीन म्हटलं होतं. घरी येईपर्यंतच झाला. इंदुबाई रिकाम्या खोलीत खोटं कालवण करतील. मी ओटीवर खांबाला टेकून बघेन आणि चुका काढीन. बबन खुणा करील. कागदावर मात्र कोणाचा तरी हात लागेल, आणि मला तरी एकाच हाताची सवय आहे. ये. नाही जमलं तरी मी रागावणार नाही, फक्त ओटा फोडायला दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस. पण ये. बबनला सांग, हातोडा घरी ठेव, खडू आण.

पेनाबद्दल, हवेबद्दल आणि टेबलाबद्दल वर लिहिलंय ते खोटं. तिन्ही निर्दोष आहेत. ही पन्नाशीनंतरची गिरवणी आहे. माझ्याकडे पहिल्यांदा आलीस तेव्हाचे तुझे नकाशे याहून फार सरळ नव्हते, हे ध्यानात ठेवून हसावं.

आलीस की तू दिवाणखान्यात बसायचं. आत चहा मी करणार आहे.

तुझ्या ओट्याशी उभी असलेली,
गिरिजाताई