कठडा खाली ओढलास, दादा

प्रिय दादा,

काल तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. तुझी विहिरीची भिंत जपून ठेवायची म्हणतात. वर पत्र्याची सावली, शेजारी तुझ्या नावाची पाटी. त्या कार्यक्रमात बहीण म्हणून मी दोन शब्द बोलावेत, असा त्यांचा आग्रह आहे. माझ्या मनात आहे ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे.

चित्रकलेच्या तासाला तू पोरांना दर महिन्याला त्याच बाकावरून तोच कडुलिंब काढायला लावायचास. कुणी बाक पुढे ओढला की खेकसायचास, "जागा हालली तर झाड वाढलं का आपुन जवळ गेलो, कसं कळंल बे?"

त्याच हट्टानं तू शाळेच्या भिंतीवर गावची विहीर रंगवलीस. वर कठडा, खाली तळ, मधे पाण्याची निळी रेघ. दर महिन्याला रेघ पुसून नवी काढायची, पण कठडा आणि तळ हलवायचे नाहीत, हा तुझाच नियम. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनाही जाता-येता पाणी कळायचं.

इथं बीडच्या ऑफिसात मी दिवसभर संगणकावर आलेख बघते. जो तो आपल्या सोयीचा तुकडा मोठा करतो आणि आपलंच खरं करतो. मी मात्र ऐटीत सांगायचे, आमच्या दादाची भिंत सगळ्यांना सारखीच दिसते, म्हणून गावात भांडणं झाली तरी एकाच रेघेवरून होतात. किती मिरवलं रे मी तुला!

दसऱ्यानंतर सुमनचा फोन आला. माझी लहानपणची मैत्रीण, दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. यंदा पोरीची दहावी, म्हणून गावातच थांबून कांदा लावावा असं तिच्या मनात होतं. मी विचारलं, भिंतीवर रेघ कुठं आहे?

"शोभे, पार माझ्या डोक्याच्या वर हाय."

मग थांब बिनधास्त, म्हणाले मी.

ती थांबली. दिवाळीच्या पाठोपाठ तू गेलास आणि पौषात विहीर आटली. कांदा वाळून गेला. सुमन पोरीला घेऊनच उसाच्या फडावर गेली. पोरीची परीक्षा बुडाली.

परवा गावी गेले तेव्हा भिंतीपुढे उभी राहिले. वरचा कोरडा भाग गाळून कठडा तू खाली पाण्याजवळ ओढला होतास! विहिरीचा तळाकडचा तेवढा भाग भिंतभर मोठा केला होतास. तळाशी उरलेलं पाणी काठोकाठ दिसत होतं.

वहिनी म्हणाली, गाव बघायला पाहुणे येणार होते, त्यांना पाणी भरपूर दिसावं म्हणून सरपंचांनी गळ घातली. तिनं तुला तेव्हाच विचारलं होतं, हे बरोबर का. "ते म्हनले, एक बी आकडा खोटा न्हाई, फकस्त जवळून दावलंय."

आकडे खरंच बरोबर आहेत, कडेला बारीक अक्षरात. पण सुमन आकडे वाचत नाही, रेघ बघते. हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

पाहुणे दसऱ्याआधीच येऊन गेले. पुढं दिवाळीपर्यंत तुझा ब्रश कुठं होता? सुमन रोज शाळेवरून जायची, तिची पोर तुझ्याच शाळेत. ती गावात का थांबली, हे तुला ठाऊक होतं. दर रविवारी माझ्याशी फोनवर बोलायचास, तेव्हाही एक शब्द नाही! परक्यानं फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तुझ्या फोटोला हार घालताना मी रागानं रडते, आणि लोकांना वाटतं दुःखानं रडते आहे.

मुख्याध्यापकांना मी नाही म्हणून कळवलं आहे. येत्या रविवारी चुना घेऊन येते. सुमन फडावरून परतली आहे; पाणी मोजायला ती विहिरीत दोर सोडेल, मी भिंत आखीन. कठडा कठड्याच्या जागी, तळ तळाच्या जागी. रेघ बघायला पोरांना खाली बसावं लागलं तरी ती वर सरकवणार नाही, हा माझा शब्द.

सुमन म्हणते, खाली सरांचं नाव राहू दे. तिनं सांगितलं म्हणून लिहीन. माझ्या मनानं नाही.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली,
शोभा