तू अडलीस, मी थांबलो नाही

घटकाभराने थोरल्या माझ्या जुळ्या ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं छान आहे. सूनबाई जपते, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. तुझा खोकला कसा आहे?

परवा सूनबाईच्या प्रयोगशाळेत माझ्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. डोक्यावर तारांची टोपी, अगदी सर्कशीतला विदूषक! मग शब्द आठवायला लावले. वर्गात सगळ्यांआधी हात वर करणारा मी, तिसऱ्याच शब्दाला अडलो. तपासणी करणारी मुलगी मात्र शांतपणे थांबून राहिली. शब्द सापडल्यावर म्हणाली, "आजोबा, प्रत्येकाच्या मेंदूची लय वेगळी. तुमची जरा संथ आहे, म्हणून बहुधा वेळ लागतो. तेवढ्यावरून हुशारी नाही ठरत."

ताई, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे स्पीकर लावलेल्या फोनवर आपली शाळेतली कविता म्हणताना तू अडलीस आणि मी सगळ्यांसमोर "विसरलीस ना?" म्हणत पुढची ओळ म्हणून टाकली. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. फार खातंय गं मनाला.

रविवारी फोन करतो. एवढ्या वेळेस तरी उचल. कविता तुझ्या चालीनं म्हण. ओळ आठवेपर्यंतची तुझी शांतताही मी ऐकत बसेन.

तुझा उतावळा,
धाकटा