तान्हीच्या कपाळावरचं पाणी

गुंदवली, अंधेरी
नोव्हेंबर १९५५

प्रिय फिलू,

तू गोराईला माहेरी गेल्यापासून तुमच्या ओट्यावर कोंबड्यांचं राज्य आहे. पूर्वी एखादी पायरी चढली तरी तुझी सासू झाडू घेऊन धावायची. आता त्या भात सांडावा तशा ओटाभर पसरतात आणि ती नुसती बघत बसते. माझी पार्ल्याची शाळा सुरू आहे. मुलं ‘बाई’ म्हणून हाक मारतात तेव्हा मी अजून मागे वळून बघते, बाई कुठे आहेत म्हणून. आमच्या भाऊंनी माझं पदवीचं प्रमाणपत्र काचेत बसवून देवांच्या शेजारी टांगलंय. ज्यांना सही करतानाही घाम फुटतो, ते आल्यागेल्याला बोट दाखवून म्हणतात, “माझी पोरगी बी.ए. आहे.” आई रोज त्या काचेलाही उदबत्ती ओवाळते. तू इथे असतीस तर पोट धरून हसली असतीस. पण तू नाहीस, तुझं बाळ नाही, आणि ऐकते की गोराईच्या चर्चची घंटा वाजली की तू कानांवर हात ठेवतेस. मग बाकीच्या बातम्यांचं मी काय करू?

लहानपणी तुला धर्मशिक्षणाचं पुस्तक पाठ करावं लागायचं आणि ते हातात धरून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे असायचं. चुकलीस की मी तुझ्या डोक्यावर टपली मारायची. त्यामुळे तुझी उत्तरं तुझ्याआधी मला पाठ झाली. गरजेच्या वेळी बाप्तिस्मा कोण देऊ शकतो? कोणीही माणूस, चर्च जे करतं तेच करायचं मनात असलं की झालं. मी विचारलं, म्हणजे मीसुद्धा? तू म्हणालीस, “देऊ शकतेस की! पण तुला गिऱ्हाईक कोण मिळणार गं? तुमची मांजर?” मी तेव्हापासून भांडकुदळ. तान्ह्या बाळानं कसलं पाप केलं, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, “केलेलं नसतं, वाट्याला आलेलं असतं. तुझ्या आजोबांचं कोकणातल्या भावकीशी भांडण होतं, ते तुझ्या वाट्याला आलंय ना? तसं.” आणि पुढे म्हणालीस, नुसतं पाप धुण्यासाठी पाणी नसतं, त्या पाण्यातून देव माणसाला आपल्या घरात घेतो. तेव्हा तू दहा-अकरा वर्षांची असशील. बी.ए.च्या वर्गातही कोणी मला इतकं सोपं करून सांगितलं नाही. पटलं मात्र नाही, आणि तू ते कधी मनावर घेतलं नाहीस.

त्या रविवारी अख्खं गावठाण वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेला गेलं होतं. तुला आठवा लागलेला, म्हणून तू मागे राहिलीस आणि सोबतीला मी. जाताना तुझी सासू मला म्हणाली, “हिला विहिरीवर जाऊ देऊ नको. मी माउलीला मेणाचं बाळ वाहून येते, मग काळजी नाही.” दुपारी आपण भाजी निवडत बसलो होतो. तू उठलीस आणि दाराची चौकट धरून खाली बसलीस, तेवढंच तुला आठवत असेल. मी शेवंती सुईणीला ओढत आणलं. बाळ लवकर आलं, पण तुझं रक्त थांबेना. तुझे डोळे फिरले होते. शेवंती तुझ्या पोटावर दोन्ही हातांनी दाबत होती. तिनं बाळ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात कोंबलं आणि ओरडली, “ह्याचं तू बघ, मला आई वाचवू दे!” मुलगी होती. निळसर, बुळबुळीत, जांभळाएवढ्या मुठी मिटलेल्या. मी तिला चोळलं, उलटं धरलं, तोंडात बोट घालून चिकटा काढला. घरात क्रूस होता, माउलीची तसबीर होती, आणि ख्रिस्ती माणूस म्हणशील तर शुद्ध हरपलेली एकटी तू. शेवंतीनं आंघोळीसाठी कोमट केलेलं पाणी चुलीपाशी होतं. तांब्या घेतला आणि तिच्या कपाळावर धार धरली. नाव तुम्ही ठरवलंच नव्हतं, मुलगा होणार म्हणून बसला होतात. मला काही सुचेना, म्हणून तुझंच नाव घेतलं. फिलोमिना, मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. सगळं पुस्तकातल्यासारखं, एक शब्द न चुकता.

सासू जत्रेचे चणे पदरात बांधून परतली तेव्हा तू वाचली होतीस आणि बाळ पाटावर निजवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी फादरनी मला बोलावलं. पाणी कसलं होतं, शब्द कोणते म्हटलेस, आणि मनात काय होतं, असं त्यांनी विचारलं. पहिल्या दोन्हींची उत्तरं चटकन दिली.  तिसऱ्या प्रश्नाला म्हटलं, फादर, वाट्याला आलेलं ते आदिपाप मला पटत नाही, खोटं सांगणार नाही. पण फिलूला जे खरं वाटतं ते तिच्या लेकीला मिळावं, तुम्ही देता तेच मिळावं, कमी नको, एवढंच मनात होतं. ते म्हणाले, “पुरे.” मग त्यांनी विचारलं, बाळात जीव होता का? मी जे सांगितलं ते पुढे लिहितेच. ऐकून ते म्हणाले, “शंका असेल तर ती बाळाच्या बाजूनं धरायची.” म्हणून तिला दफनभूमीच्या पवित्र मातीत जागा मिळाली. तू अंथरुणातून उठली नव्हतीस, तुला ठाऊक नसेल, तिच्या लाकडी क्रुसावर तुझं नाव आहे. 

नंतर गावात बोलणी सुरू झाली. कोणी म्हणालं, “कुंकू लावणाऱ्या पोरीच्या हातचं पाणी देवाला कसं चालेल?” तुझी सासू माझ्या आईला म्हणाली, “तुमच्या लेकीनं काय केलं ते देवाला ठाऊक. आम्हाला तर कळत नाही.” आमच्या घरी निराळंच. आई म्हणे, आता हिला बाटवतील. भाऊ म्हणाले, “वा! पोरगी बी.ए. झाली, आता पाद्री झाली!” मी हसले नाही. मी फादरकडे पुन्हा गेले आणि भांडले. म्हटलं, कोणी पाणी ओतलं नाही म्हणून तुमचा देव लेकराला दाराबाहेर उभं ठेवतो का? ते चिडले नाहीत. म्हणाले, “माणिक, हा नियम आपल्याला दिलाय. देवानं स्वतःचे हात त्यात बांधून घेतलेले नाहीत.” हे मी तुला सांगायला आले होते. तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस आणि मी उठून आले.

काल तुझा नवरा, इनास, ट्रॉम्ब्याच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी न जाता सरळ आमच्याकडे आला. बायकोबद्दल, तेही असलं, बोलायचं म्हणून सारखा खाली बघत होता. म्हणाला, तू पेजेलाही तोंड लावत नाहीस, आणि कोणी काही विचारलं की एकच म्हणतेस, माणिकला विचारा, पाणी पडलं तेव्हा माझी पोर जिवंत होती का. आणि मग तो म्हणाला, “एक ओळ लिही. ती रडली म्हणून लिही. तुझं लिहिलेलं ती मानेल. तुझं काय जातंय गं?” म्हणून हे पत्र. पण फिलू, ती ओळ मी लिहू शकत नाही. ती रडली नाही. शेवंतीला विचारशील तर ती एकदा म्हणते श्वास होता, एकदा म्हणते नव्हता. तिचं सगळं लक्ष तुझ्यात होतं. मी बाळाच्या छातीवर बोट ठेवलं होतं आणि काहीतरी धडधडलं. ते तिचं काळीज होतं की माझ्याच बोटातलं रक्त, मला कळलं नाही, आता कधी कळणारही नाही. फादरना मी हेच सांगितलं. खात्री करत बसले असते तर पाणी ओतायचं राहूनच गेलं असतं. तू मला साक्षीदार करू पाहतेस, आणि साक्ष द्यायला माझ्याजवळ एवढंच आहे: ते शब्द मी देवाकडे बघून म्हटले नाहीत, क्रुसाकडेही नाही. तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून, तिला ऐकू जावं म्हणून, मोठ्यानं म्हटले.

तुझीच,
माणिक