इसार न घेतलेला पट्टा

आप्पा, तुम्ही तासगावकडच्या त्या गिऱ्हाइकासमोर त्याच्या बैलाचा घुंगरपट्टा ठोकळ्यावर ठेवून कातडं कापायच्या रापीनं फाडलात, त्या घटकेला माझं सगळं बदललं. तोवर मी कराडच्या कॉलेजात इंजिनियर व्हायला निघालेला पोरगा होतो. त्यानंतर मी तुमचा पोरगा झालो. आज हे लिहितोय, कारण पुढ्यात तोच ठोकळा आहे, त्यावर दुसरा एक पट्टा पडलाय आणि शेजारी तुमची रापी आहे. सकाळपासून तिला धार लावतोय. कातड्यासाठी लावत नाही.

तेव्हा बैलगाड्यांच्या शर्यती बंद होत्या, पण बेंदराला बैल नटवायची हौस काही बंद झाली नव्हती. ती ऑर्डर मीच फोनवर घेतली होती. बैलाचं नाव लिहून घेतलं, मानेचं माप लिहून घेतलं. तुम्ही विचारलंत, "इसार? आगाऊ काय दिलं व्हय त्यांनी?" मी म्हणालो, "देतील की, मोठी माणसं हायत." तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलंत आणि कामाला बसलात. घरातून शब्द गेला होता ना. मग तो जीप घेऊन आला. पट्टा हातात घेऊन उलटापालटा केला, घुंगरं वाजवून बघितली, आणि अर्ध्या पैशात मागायला लागला. वर हसून म्हणाला, "आवं, ह्यावर आमच्या बैलाचं नाव हाय. दुसऱ्या कुणाला खपणार हाय व्हय?" तुम्ही उठलात. पट्टा त्याच्या हातातून काढून घेतलात, ठोकळ्यावर आडवा टाकलात आणि रापी अशी ओढलीत, की जनावर सोलताना येतो तसा आवाज आला. घुंगरं उधळली, एक जाऊन त्याच्या बुटावर आदळलं. "आता तुमालाबी खपणार न्हाई. निघा." तो निघाला, आणि जीप चालू व्हायच्या आत तुम्ही वळून माझ्या थोबाडीत दिलीत. तोंडात रक्ताची चव आली. "ह्यो पट्टा म्या न्हाई फाडला. तू फाडलास. जे एकाच्याच मापाचं आन् एकाच्याच नावाचं, त्याचा इसार आदी. मानूस वाईट म्हनून न्हाई रं. त्याचं एक पाऊल आत पायजे. न्हाईतर आपुनच एकटं आत जाऊन बसतो."

शेवटचं वाक्य मला कळलं नव्हतं. रापी तेवढी कळली होती. राग असावा तर असा, स्वतःच्या हाताचं काम चिरून टाकणारा, असं मनात बसलं ते बसलंच. पुढच्याच महिन्यात मी कॉलेज सोडलं. आई रडली. तुम्ही कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत, आणि मग एका सकाळी, चहा पिता पिता, तुमची रापी माझ्यापुढं सरकवलीत. एवढंच. त्या थंडीत तुम्ही गेलात.

तुमच्या माघारी शर्यती सुरू झाल्या आप्पा, आणि बैलांचे भाव गाड्यांपेक्षा वर गेले. आता कोण जीप घेऊन दारात येत नाही. फोनवर फोटो बघतात आणि फोनवरच ऑर्डर टाकतात, खंडाळ्यापासून पार नाशिकपर्यंत. आपल्या कामाचं फोनवरचं पान माझ्याबरोबर कॉलेजात असलेल्या एका मुलीनं उघडून दिलं. फोटो तीच काढायची. पट्टा कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा, सगळं तीच सांगायची. पानावर सगळ्यात वर तिनंच लिहिलं: अर्धे पैसे आधी, मगच कातड्याला हात. मी तुमचा शब्द सांगितला तसा तिनं कंसात "इसार" पण लिहिलं. लोक चिडायचे. "विश्वास न्हाई व्हय दादा?" पुण्याच्या एकानं तर मला चोर म्हटलं. मी म्हणालो, "ये की हिकडं, तुझ्याच गळ्याचं माप घेतो." ती बाजूला बसली होती, हसून हसून लाल झाली. "गिऱ्हाइकाला मारत्यात व्हय रे कुणी?" ती हसली की मला कुणाला तरी मारावंसंच वाटायचं. तिच्यासाठी. कुणाला ते ठरलेलं नसायचं.

मग तिचा भाऊ आला. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर आहेत त्याचे, हंगामात कारखान्याच्या गाडीतळावरच असतो. म्हणाला, एक पट्टा पाहिजे, असा की मैदानात सगळ्यांनी मान वळवली पाहिजे. मी नियम सांगायला तोंड उघडलं, तर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "गड्या, तू तर घरातलाच हायस. तुला कसला इसार?" घरातलाच. आप्पा, त्या एका शब्दावर मी रात्रंदिवस बसलो. सगळ्यात चांगलं कातडं काढलं. जुनी पितळी घुंगरं विट्याच्या एका म्हाताऱ्याकडून भांडून आणली. आणि त्यानं लिहून दिलेलं बैलाचं नाव मी वेगळ्या पट्टीवर शिवलं नाही, तुम्ही शिवायचा तसं. मूळ कातड्यातच कोरलं, पुन्हा निघणारच नाही असं.

परवा तो पट्टा न्यायला आला, तेव्हा सोबत एक पाव्हणा होता. पांढरा शर्ट, हातात नवं घड्याळ. भावानं ओळख करून दिली, "हे आमचं खंडाळ्याकडचं दाजी. म्हंजे व्हनारं. ह्यांच्याच बैलाला पट्टा, आमच्याकडनं भेट." मी पाव्हण्याला पाणी दिलं. खरंच दिलं. मग भावानं खिशातून अर्धेच पैसे काढले. मी म्हणालो, पुरे द्या. तो हसला. "आरं, दाजींच्या बैलाचं नाव हाय त्यावर. दुसऱ्या कुणाला खपणार हाय?"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. त्याची कॉलर माझ्या मुठीत. त्याचं तोंड ठोकळ्यावर, एकदा, मग पुन्हा. खालचा ओठ फाटून दात दिसला. पाव्हणा "सोडा, सोडा" म्हणत दारात उभा, आत काही येईना. आई मधे पडली आणि माझं कोपर तिच्या छातीत बसलं, तेव्हा कुठं मी थांबलो. ते गेले. ओठाला टाके पडले म्हणे. लग्नघरात बोभाटा नको म्हणून पोलिसात गेला नाही, पण निरोप आलाय: "लगीन पार पडू दे, मग हात तोडतो." मी ठरवलं, लग्नापर्यंत कशाला थांबायचं. आजच गाडीतळावर जायचं. आधी हा पट्टा फाडायचा, तुमच्यासारखा, आणि मग तीच रापी घेऊन त्याच्याकडं.

पट्टा फाडता येईना. दोनदा टेकवली रापी. बैलानं माझं काय घोडं मारलंय, असं काहीतरी मनात आलं आणि हात मागं आला. म्हटलं, राहू दे, तसंच जाऊ. रापी शर्टाखाली न्यायची तर पातं गुंडाळायला हवं, म्हणून तुमचं चिंध्याकातड्याचं पोतं उपसलं. तळाशी तो निघाला, तासगावच्या बैलाचा. मी वर्षानुवर्षं सांगत आलोय सगळ्यांना, आमच्या आप्पानं नावावरनं रापी ओढली. आप्पा, नावाला ओरखडाही नाही. तुमची रापी शिवणीवरनं गेलीय. फक्त दोरा कापलाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नावाची पट्टी एकीकडं आणि पट्टा दुसरीकडं. पट्टा धड आहे. दुसरं नाव शिवलं असतं तर दुसऱ्या बैलाला चालला असता. एवढ्या रागात, एवढ्या जोरानं, आणि कातडं तुटू दिलं नाहीत. मी ज्याला राग समजून शिकलो, तो तुमचा हात होता. मला फक्त आवाज ऐकू आला होता.

आणि थोबाडीत मात्र तुम्ही खरी मारली होतीत. ती अजून आहे.

ते दोन तुकडे ठोकळ्यावर जुळवून ठेवले. मग ठरवलं. गाडीतळावर जाणारच आहे, पण हा पट्टा घेऊन. त्याच्या पुढ्यात टाकणार आणि पुरे पैसे मागणार, चारचौघांत. त्यानं मारलं तर एक खाईन. दुसरी खाईन का, ते आत्ता सांगता येत नाही. म्हणून रापी इथंच, तुमच्या खिळ्यावर. कामाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली आईकडं देतोय, संध्याकाळपर्यंत मागितली तरी देऊ नको म्हणून सांगून. तिनं विचारलं, "का रं?" मी म्हणालो, "इसार समज माझा." तिला कळलं नाही, पण तिनं किल्लीसाठी हात पुढं केलाय.

एकच राहिलं. तुम्ही असता तर पहिल्यांदा हेच विचारलं असतंत, म्हणून सांगतो. त्या मुलीनं मला कधीच काही म्हटलं नव्हतं. हो नाही, ना नाही. फोटो काढले, हसली, घरी गेली. मी विचारलंच नव्हतं आप्पा. एकटाच आत जाऊन बसलो होतो.

हे कागद ठोकळ्याखाली सारतोय. पट्टा खांद्यावर घेतलाय, घुंगरं लय वाजतायत. आई दारात उभी आहे. बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो.